आकड्यातल्या माणसांना एकदा फोन करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की आपल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. पूरपूर्व आढावा बैठक झाली, बोटी इतक्या, लाइफ जॅकेट इतकी, यंत्रणा सज्ज. यंदाही आली. बोटी मोजल्या, जॅकेटं मोजली, दोरसुद्धा मीटरवर मोजला. माणसं तेवढी 'प्रशिक्षित स्वयंसेवक' म्हणून एका आकड्यात बसवली. त्या आकड्यात मीही आहे, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, काटछाट करायची तर करा, पण जनरेटरचा भाग तेवढा ठेवा.

पलूस तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, हा धंदा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (तिथं धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा माझं शटर वरच्या पट्टीपर्यंत पाण्यात होतं. आमच्याकडं जुनी माणसं फुटावर जात नाहीत, घाटाच्या पायऱ्या मोजतात. त्या वर्षी मोजायला पायरीच राहिली नाही. दुकानात लोकांच्या एकतीस मोटारी होत्या. पाणी चढतंय म्हटल्यावर मी आणि दुकानातल्या पोरानं त्या सगळ्या माळ्यावर चढवल्या, २००५ चं पाणी हिशेबात धरून. २००५ ला माळा कोरडा होता. २०१९ ला माळ्यावरच्या मोटारीतनं शेवाळ निघालं.

पाणी उतरल्यावर आठवडाभर बाहेरून माणसं येत होती. त्यातल्या दोन तुकड्या डोक्यातून जात नाहीत. एक पंचवीस-तीस पोरांची. एकसारखे पांढरे टी-शर्ट, पुढं बॅनर. पोरं वाईट नव्हती, मनानं आली होती. पण हातात खोरं नाही, पायात चपला, आणि पहिलाच प्रश्न, "काका, प्यायचं पाणी कुठं मिळंल?" गावात टँकरपुढं बायकांची रांग लागलेली. दुपारी त्या पोरांना जेवू घालायला शाळेच्या पटांगणात चूल पेटली, आणि ती पेटवली ज्यांच्या घरात कंबरभर गाळ होता त्या बायकांनी. आपल्याकडं आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत ना!

दुसरी तुकडी आठजणांची. टेम्पोत खोरी, घमेली, खराटे, दोन वायपर, पाण्याचे कॅन आणि भाकरीचं गाठोडं. त्यातले एक वयस्क गृहस्थ दुकानाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, कुठनं लागू?" बस्स. गाळ ओला आहे तोवर काढायचा, वाळला की छिन्नी लागते. आधी भिंत धुवायची आणि मग फरशी. मोरीचं तोंड सगळ्यात आधी मोकळं करायचं, नाहीतर काढलेलं पाणी परत पायात. यातलं काही त्यांना सांगावं लागलं नाही. दिवस मावळायच्या आत माझी फरशी दिसली. सोलापूर जिल्ह्यातले, सीना नदीच्या काठचे, एवढंच बोलण्यात कळलं. गावाचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. उरलेल्या भाकरी आमच्याकडं ठेवून गेले.

आता माझी फजिती सांगतो. जुलै २०२१. महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. आमच्याकडं पूर होताच. तरी टीव्हीवर ते बघून मला राहवेना. पाणी उतरल्यावर जीपमध्ये पहार, दोर, बिस्किटांचे दोन खोके टाकले, मित्राला घेतलं आणि निघालो. कराड सोडून पुढं गेल्यावर रस्त्याला आमच्यासारख्याच गाड्यांची ही रांग. मागून जेसीबी येत होतं. त्याला वाट द्यायची म्हणून सगळ्यांनी गाड्या बाजूच्या चिखलात घातल्या. आमची रुतली. जेसीबीवाल्यानं खाली उतरून आमची जीप ओढून काढली. ज्याला मदत करायला निघालो, त्याचीच वीस मिनिटं आम्ही खाल्ली. नाक्यावर पोलीस होता, आवाज न चढवता म्हणाला, "दादा, तुमी कुठल्या यादीत?" आम्ही कुठल्याच यादीत नव्हतो. बिस्किटं तिथंच दिली आणि परत आलो.

तो प्रश्न डोक्यात राहिला. पुढं आपदा मित्रचं (आपत्तीत मदतीला गावोगावचे स्वयंसेवक तयार करायची सरकारी योजना) बारा दिवसांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा नाव दिलं. वयाची अट १८ ते ४०. मी अगदी काठावर होतो, शेजारी कॉलेजची पोरं. शिकवणारे मात्र पक्के होते. बुडणाऱ्याला बघितलं की उडी टाकायची ही आपली नदीकाठची सवय त्यांनी पहिल्याच दिवशी मोडली. आधी काठी पुढं करायची, ती पुरत नसेल तर दोर टाकायचा, मग होडी, आणि स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी. मी लहानपणापासून कृष्णेत पोहतोय, मला ते पटायला तीन दिवस लागले. जॅकेटचा मांड्यांतला पट्टा बांधला नाही तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि माणूस खालून निसटतो, हे तळ्यात उतरवून दाखवलं. वाहत्या पाण्यात गमबूट घालायचे नाहीत, भरले की पाय उचलत नाही. ते गाळ काढायला. छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, पण बुडालेल्या माणसाला आधी श्वास द्यायचा. ब्रह्मनाळला २०१९ साली बोट उलटली ती आमच्याच तालुक्यात. त्यामुळे बोटीत किती माणसं घ्यायची हा धडा सुरू झाला तेव्हा वर्गात कुणी मोबाइल बघत नव्हतं.

ओळखपत्र मिळालं, पिशवी मिळाली, जॅकेट मिळालं. फोटो झाला. त्यानंतर एका कार्यालयातून एकदाच बोलावणं आलं, ते एका कार्यक्रमाला. काम काय म्हणून विचारलं तर "गणवेशात या, पुढच्या रांगेत बसा." बसलो.

दोष नुसता त्यांचा नाही. गेल्या उन्हाळ्यात मी ती पिशवी काढली. जॅकेटचा कमरेचा पट्टा उंदरांनी खाल्लेला. टॉर्चमधले सेल फुटून हिरवं पाणी आलेलं. आणि बोलाइन गाठ. ती एकदा बसली की कितीही ताण आला तरी आवळत नाही, माणूस काढायला तीच लागते. मी रोज तांब्याची तार गुंडाळणारा माणूस, माझ्या बोटांना गाठी शिकवाव्या लागू नयेत. चार वेळा बांधली आणि चारही वेळा ओढली की सुटली. सातवीतली लेक बघत होती. तिनं मोबाइलवर शोधून मला परत शिकवली. पट्टा गुडघ्याभोवती घेऊन, डोळे मिटून बांधायला लावली, कारण "पप्पा, पुरात लाइट नसतीय." आता मला येते. पण बारा दिवसांचं शिक्षण दीड-दोन वर्षांत गंजतं, हे मी स्वतःच्या हातावर बघितलंय.

तयारी म्हणजे काय असते ते मग हळूहळू कळत गेलं. आमच्या दाराआड खिळ्याला आता एक पिशवी असते. तीन दिवसांचं सामान, स्वतःपुरतं. चणे, गूळ, चिवडा, पाण्याचे दोन कॅन शेजारी. नाडीचे कापडी बूट, दोन पातळ मोजे, टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली आणि टाल्कम पावडर. लोक हसतात पावडरीला. दोन दिवस ओल्या बुटात राहिलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि चौथ्या दिवशी माणूस बसून राहतो. शिट्टी, टॉर्च, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आधारची झेरॉक्स, तिच्या पाठीवर रक्तगट आणि घरचा नंबर. माझ्या बीपीच्या गोळ्या आठवड्याच्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय, त्याची तारीख वहीत लिहिलीय. उंदराच्या लघवीनं पुराच्या पाण्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप पसरतो, तो पायाच्या जखमेतून शिरतो. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या असतात, पण त्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून, आधी घ्यायच्या. तिथं गेल्यावर शोधत बसायच्या नाहीत.

घरची तयारी पिशवीपेक्षा अवघड. म्हशीची धार कोण काढणार, दुकानात दिलेल्या मोटारीचा वायदा कोण सांभाळणार, आईच्या गोळ्या कोण देणार. पहिल्या वेळी मी नुसतं "जाऊन येतो" म्हणालो. मंडळींनी पुढं दोन दिवस फोन उचलला नाही. आता कुठं जातोय, कुणाबरोबर, कधी परत, हे वहीत लिहून ठेवतो आणि संध्याकाळी सातला एक फोन. आई तरी म्हणतेच, "दुसऱ्याला काढाय जातोस, तुला कोण काढणार?"

ऑगस्ट २०२५ मध्ये आयर्विनला ४० फुटांची इशारा पातळी ओलांडली. आमच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'सर्वांनी सज्ज राहावे.' खाली अंगठ्यांची रांग लागली. मीही अंगठा दिला. रात्री झोप येईना, म्हणून आमच्या बाजूच्या वीसजणांना एकेक फोन लावला. पाच नंबर बंद. तिघे पुण्याला कंपनीत लागलेले. एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्याचाही ग्रुपवर अंगठा होता. एकाला आदल्याच दिवशी मुलगी झालेली. एक म्हणाला, "येतो, पण मुकादम सोडत नाही, खाडा झाला तर उद्या कामावर घ्यायचा नाही." राहिले नऊ. त्या नऊजणांपैकी बोटीचं इंजिन चालू करायला येतं असे दोन. पाणी नंतर उतरलं, म्हणून हा हिशेब कुणाला द्यावा लागला नाही.

त्याच नऊजणांना घेऊन सप्टेंबरच्या अखेरीस मी सीनाकाठी गेलो. माढा तालुक्यात सीनेच्या पुरानं जे केलं ते आपण छापलंच आहे. गावं, ऊस, गोठे. जायचं म्हटल्यावर आधी तिथल्या एका गावातल्या ग्रामसेवकांना फोन लावून विचारलं, काय पाहिजे? ते म्हणाले, "कपडे नकोत. कपड्यांचा ढीग पडलाय. मोटारी सोडवायला माणूस असला तर बघा." हा फोन केला नसता तर आम्हीही खोकी भरून कपडेच नेले असते.

तिथं दोन गोष्टी घडल्या. एक आमच्या चुकीची. निघायच्या वेळी एक पोरगा ऐनवेळी टेम्पोत चढला, ओळखीतला, म्हणून मी नाही म्हणालो नाही. पायात चपला. पहिल्याच तासात गाळातला पत्रा तळव्यात घुसला. त्याला घेऊन एकजण दवाखान्यात, टाके, इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी एसटीनं घरी. अकरा माणसांतली दोन माणसं एका चपलेनं कामातनं गेली. त्याच्या आईला फोन मलाच करावा लागला.

दुसरी गोष्ट विजेची, आणि ही छापाच. गावाची लाइन बंद होती, डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) खटका पाडलेला. वायरमन खांबावर चढून तुटलेली तार जोडणार होता. सगळे म्हणत होते, लाइन बंद आहे, चढा. वायरमन जुना माणूस, त्यानं आधी अर्थिंगची काठी, म्हणजे तारेतला करंट जमिनीत उतरवणारी, तारेला लावली. चट्‌कन ठिणगी उडाली आणि गल्लीतल्या तिसऱ्या घरात जनरेटर घरघरून बंद पडला. आम्ही पळत गेलो. त्या घरात मोबाइल चार्ज करायला जनरेटर लावलेला, आणि तो घराच्या वायरिंगला जोडलेला दोन्हीकडं पिन असलेल्या वायरीनं. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी भिंतीच्या बोर्डात. मेन स्विच पाडलेला नाही. तिथून करंट मीटरमधनं उलटा तारेवर. तो रस्त्याच्या डीपीपर्यंत पोचला असता तर पलीकडं अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर चढला असता. घरमालक बिचारा हादरला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. गावात त्यानं दहाजणांचे फोन फुकट चार्ज करून दिले होते.

हे मला ओळखता आलं कारण माझा धंदा तो आहे. आमच्यातल्या कॉलेजच्या पोराला आलं नसतं, आणि त्याला जे येतं, घरटी माहिती मोबाइलवर भरून तासात यादी करणं, ते मला जन्मात जमणार नाही. कार्यालयातल्या यादीत मात्र आम्ही दोघंही 'स्वयंसेवक, पुरुष'. कोण वायरमन, कोण साप पकडतो, कुणाकडं ट्रॅक्टर चालवायचा हात आहे, कोण नर्सिंग शिकलेली आहे, यासाठी तिथं रकानाच नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. मे महिन्यात यादीतल्या प्रत्येकाला एक फोन करावा. मेसेज नको, मेसेजला अंगठा येतो. जिवंत आहात का, इथंच आहात का, तब्येत कशी आहे, काय येतं, किती दिवस येऊ शकता. एका तालुक्याला एक माणूस दोन दिवसांत हे काम उरकतो, मी वीसजणांना एका रात्रीत केलं. मग एक रविवार सकाळी सगळ्यांना घाटावर बोलवावं. जॅकेट अंगात, गाठ बांधून दाखवायची, इंजिन एकदा चालू करून बंद करायचं, दोर वीस मीटरवर टाकायचा. ज्याचा पट्टा उंदरानं खाल्ला असेल त्याला नवं जॅकेट. चहा आमचा आम्ही करू. आणि ज्याला मालक किंवा मुकादम सोडत नाही त्याच्यासाठी शिक्क्याचं एक पत्र असावं. रोजंदारीवरच्या माणसाला ते पत्र जॅकेटइतकंच लागतं. विम्याचा कागदही ज्याच्या-त्याच्या हातात असावा, फायलीत नको.

पुराच्या गावांनाही एक सांगणं आहे. बाहेरची माणसं येणारच. ग्रामपंचायतीच्या दारात एक माणूस वही घेऊन बसवा. कुठल्या गल्लीत गाळ, कुठल्या घरात एकटी म्हातारी, कुठं मेलेलं जनावर. आलेल्याला वहीतलं काम द्या. काम नसेल तर सरळ परत पाठवा, भिडेला पडून चूल पेटवू नका. २०१९ ला आमच्याकडं अशी वही नव्हती. त्यामुळे मेन रोडवरची घरं तीन-तीनदा धुतली गेली आणि मागच्या वस्तीवर पाचव्या दिवसापर्यंत कुणी फिरकलं नाही.

माझं जॅकेट मी चांभाराकडून शिवून घेतलं नाही. त्यांनी शिवून दिलं असतं, पण पाण्यात त्या टाक्यावर माझा भरवसा नाही. नवीन मिळेपर्यंत मी बोटीत बसणार नाही, काठावरची कामं करीन, असं संबंधितांना लेखी कळवलंय. पोच अजून आलेली नाही.

आपला,
एक मोटार रिवायंडिंगवाला, ता. पलूस, जि. सांगली
(नाव कृपया छापू नये. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या मोटारीही माझ्याकडंच भरायला येतात.)

ता. क. ज्यांच्या घरी दोन्हीकडं पिन असलेली वायर आहे त्यांनी ती आजच मधोमध कापावी. जनरेटर घराला जोडायचाच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे एका वेळी एकच बाजू चालू राहते. आमच्या तालुक्यात कुणाला बसवून पाहिजे असेल तर स्विच तुमचा आणा, मजुरी घेणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत या. नंतर मोटारींची गर्दी असते.